खणखणीत आणि बद्द

पुण्यातल्या ताटवाट्यांचा वानप्रस्थाश्रम मुळशी तालुक्यात असतो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सहाच्या सेटातली दोन ताटं फुटली, की उरलेल्या चारांकडे बघून घरातली बाई म्हणते, "राहू देत, मुळशीला होतील." या 'मुळशीला होतील'च्या जोरावर आमच्या पौडजवळच्या दोन खोल्यांच्या घरात आजमितीला सात वेगवेगळ्या सेटांचे वारसदार नांदत आहेत. भांडं नसलेली झाकणं, झाकण नसलेली भांडी, बशी नसलेले कप आणि कप नसलेल्या बशा. परवा पाऊस थांबेना म्हणून मी मोजदाद केली, तर बशा एकोणीस निघाल्या आणि कप चार. कपबशीच्या संसारात कप आधी जातो, कारण कान कपाला असतो आणि ओढाताण कानाचीच होते.

आमची बारा घरांची वसाहत. सगळे मूळचे पुण्याचे. शनिवारी सकाळी यायचं आणि रविवारी संध्याकाळी चांदणी चौकातल्या गर्दीला शिव्या घालत परत जायचं. शनिवारी रात्रीचं जेवण एकत्र असतं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि ताटं आपापली आणायची, असा नियम आहे. तो नियम पहिल्या वर्षी एकाची बशी दुसऱ्याच्या घरी फुटल्यावर झाला. त्यामुळे झालं काय, की पदार्थांवर कुणी बोलतच नाही. भरीत आहे, बरं झालंय, संपलं. खरी चर्चा ताटांवर होते आणि ती धर्मसभेच्या थाटात होते, कारण आमच्यात पंथ पडलेले आहेत.

पहिला पंथ शेजारच्या वहिनींचा. त्यांची ताटं दुधासारखी पांढरी, हलकी, काठावर निळ्या फुलांची वेल. ती चिनी मातीची आहेत असं वहिनी बरीच वर्षं समजत होत्या. ती काच आहे. तिला ओपल काच म्हणतात आणि आपल्याकडे ती १९८८ च्या सुमारास, तेव्हा बिहारात असलेल्या मधुपूरला बनू लागली. या ताटांना घट्टपणा यावा म्हणून ती तापवून बाहेरून एकदम थंड करतात. बाहेरचा थर आक्रसून आवळला जातो आणि आतला ताण आतच राहतो. थोडक्यात, हे एकत्र कुटुंब आहे. बाहेरून कुणी कितीही टपली मारा, काही होत नाही. पण एक दिवस कुठेतरी वर्मी लागतं आणि मग दोन तुकडे होत नाहीत, एकदम शंभर होतात. वहिनींचं एक ताट गेल्या श्रावणात पडलं. त्याचा शेवटचा तुकडा संक्रांतीला फ्रीजखाली सापडला.

दुसरा पंथ समोरच्या काकांचा. काका बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे निवृत्तीच्या निरोपसमारंभात मिळालेला बोन चायनाचा टी-सेट. तो ते हातात घेऊन दिव्यासमोर धरतात आणि पलीकडून आपल्या बोटांची सावली दाखवतात. आरपार दिसतं हे खरं. दिसायला एवढं नाजूक, पण त्याचा टवका सहजासहजी उडत नाही, हेही खरं. काकू तर त्यात फक्त मोठ्या पाहुण्यांना चहा देत. काकू इतक्या शुद्ध शाकाहारी, की अंड्याचा केक ज्या सुरीने कापला ती सुरी त्या वेगळी ठेवतात. असं बावीस वर्षं चाललं. मग एका पुतण्याने, कुणी विचारलेलं नसताना, 'बोन'चा अर्थ सांगितला. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडच्या कारखान्यात या मातीचं गणित बसलं आणि त्यात निम्म्याच्या आसपास भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो, हेही त्याने वर सांगितलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला: "चहाला चालेल, नैवेद्याला नाही." निर्णयशास्त्रात एवढी स्वच्छ तोड मी दुसरी पाहिलेली नाही.

तिसरा पंथ माझ्या भाचीचा. ती हिंजवडीत नोकरी करते. कागदोपत्री हिंजवडीही मुळशी तालुक्यातच, त्यामुळे ती स्वतःला स्थानिक समजते. रविवारी ती चाकावर माती घालायला शिकते. तिची ताटं राखाडी, जड आणि एका बाजूला किंचित खचलेली. "मामा, हे स्टोनवेअर आहे. बाराशे-तेराशे अंशांवर भाजलेलं. आणि हे वाकडं नाहीये, हाताचं आहे." एका ताटाची किंमत तिने सांगितली तेव्हा माझी आत्या म्हणाली, "आमच्या वेळी असं वाकडं निघालं तर कुंभार फुकट द्यायचा." या ताटाच्या खरबरीत अंगावर चमचा फिरला की दाताच्या मुळापर्यंत शिरशिरी जाते. वर चार जेवणांत त्याच्यावर काळपट रेघा उमटतात. ताटाला चरे पडले म्हणून भाची हळहळली. प्रत्यक्षात झिजला होता तो चमचा. दगडाइतक्या कडक झिलईवर त्याचं स्टील घासून बसलं होतं. आत्याने राख आणि चिंच लावून ते काढलं आणि "शेवटी स्टीलच लागलं ना?" असं म्हणाली, ज्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

कारण आत्या चौथ्या पंथाची, म्हणजे स्टीलची. तिच्या मते चिनी मातीत जेवणं म्हणजे घरच्या घरी हॉटेलात बसणं. स्टेनलेस स्टील शेफील्डला १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने काढलं असं मानतात, पण ते पूर्णत्वाला नेलं ते आपल्या बायकांनी, त्याच्यावर नाव घालून. आत्याच्या प्रत्येक वाटीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, तारीख आणि प्रसंग आहे. मुंज, बारसं, साठी. हे सगळं कशासाठी? तर स्टील फुटत नाही, पण जातं. शेजारी जातं, डब्याबरोबर जातं, हळदीकुंकवाला जातं आणि परत येत नाही. आमच्याकडे एक वाटी आहे, तिच्यावरचे गृहस्थ आमच्या सात पिढ्यांत कुणी नाहीत. ती गेली चाळीस वर्षं आमच्या घरी सुखाने राहते आहे आणि आमची एक वाटी त्यांच्याकडे तशीच सुखात असणार.

या चारही पंथांचं एका मुद्द्यावर एकमत आहे, आणि तो मुद्दा काठाचा. विलायती ताट हे थांबणाऱ्या अन्नासाठी केलेलं आहे. तिकडचा मांसाचा तुकडा जिथे ठेवला तिथे बसतो. आपलं जेवण वाहतं. भाताच्या आळ्यात आमटी ओतली की ती पहिल्यांदा कोशिंबिरीला भेटायला निघते, मग लोणच्याला, आणि ताट सपाट असेल तर शेवटी मांडीला. म्हणून आपल्या ताटाला उभा काठ असतो. वहिनींच्या सपाट ताटात जेवताना प्रत्येक जण भाताचा बांध घालत बसलेला असतो. मुळशीच्या भातखाचरांत आषाढात जे काम चालतं, तेच आमच्या अंगणात शनिवारी रात्री चालू असतं.

माझी बायको यांपैकी कुठल्याच पंथाची नाही. तिची श्रद्धा आवाजावर आहे. बोहरी आळीत कपबशा घ्यायला गेलं, की ती आधी रंग बघत नाही, किंमत विचारत नाही. बशी डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दुमडून काठावर टिचकी मारायची आणि मान तिरपी करून ऐकायचं. 'टण्ण' झालं की बशी उजवीकडे, 'बद्द' झालं की डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर असली तरी आवाज बसका येतो. दुकानदार सुरुवातीला हसतो. चौथी बशी डावीकडे गेली की तो खुर्चीवरून उठतो. एकदा नऊ बशा डावीकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, उरलेल्याही तुम्हीच वाजवून ठेवा, मला बाकीच्या गिऱ्हाइकांना बरं पडेल."

ही टिचकी तिने माणसांनाही लावलेली आहे. आमच्या मुलासाठी स्थळं बघताना दोन घरं तिने 'बद्द' ठरवली होती. कारण विचारलं तर सांगता आलं नाही. पुढे दोन्हीकडे चीर निघाली.

एवढं असून तिचा पराभव झाला तो भाजायच्या भांड्याने. आमच्या लहानपणी घरात ओव्हन नसायचा. दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचं, आणि बेकरीवाला आपल्याच पत्र्यांवर ती भाजून द्यायचा. आपली नानकटाई कुठली हे ओळखायला आई प्रत्येक गोळ्यावर चारोळीऐवजी मनुका लावायची. केक करायचा तो जाड बुडाच्या भांड्यात वाळू तापवून तिच्यावर केकपात्र ठेवून. ते पात्र अॅल्युमिनियमचं. पोचे येत, फुटत कधीच नसे. मग ऐंशीच्या दशकात बेक्ड व्हेजिटेबल नावाचा पदार्थ आला, ज्यात फरसबीच्या शेजारी अननस सापडत असे, आणि त्याच्याबरोबर ती काचेची लांबट भांडी आली.

त्या काचेच्या भांड्यांचं मूळही एका बायकोच्या तक्रारीत आहे. अमेरिकेत कॉर्निंग या काच कारखान्यात जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नीचं, बेसीबाईंचं, भाजायचं मातीचं भांडं तडकलं आणि तिने नवऱ्याला सांगितलं, एवढी काच काच करता तर एखादं टिकेल असं भांडं आणा. त्यांनी १९१३ मध्ये कारखान्यातल्या बॅटरीच्या काचेच्या बरणीचं बूड कापून घरी आणलं. बाईंनी त्यात केक भाजला. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, पायरेक्स बाजारात आलं. नवऱ्याने ऑफिसातून काही घरी आणल्याचा जगाला झालेला हा एवढा एकच उपयोग मला ठाऊक आहे. मी बँकेतून फक्त कॅलेंडरं आणली.

आमच्या बायकोने मात्र काच नको म्हणून सुंदर निळं, आतून पांढरं, चिनी मातीचं भाजायचं भांडं घेतलं. टिचकीला चोख उतरलेलं. पहिल्याच जुलैत तिने त्यात रव्याचा केक केला. मुळशीतला जुलै म्हणजे ताम्हिणीकडून आलेला ढग आधी घाटात रिकामा होतो आणि मग उरलेला आमच्या स्वयंपाकघरात. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याला घाम सुटलेला असतो. तिने ओव्हनमधून भांडं काढलं आणि त्या ओल्या ओट्यावर ठेवलं. 'टक्' एवढाच आवाज. केक जागच्या जागी राहिला, भांडं दोन बाजूंना सरकलं. बूड एकदम गार होऊन आक्रसलं, भिंती अजून तापलेल्याच, आणि चिनी माती दाब कितीही सोसते पण ताण सोसत नाही. बायको बराच वेळ त्या दोन अर्ध्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "खणखणीत होतं हो." जणू निधनाची बातमी.

मुळशीची हवा भांड्यांवर आणखी एक सूड उगवते, पण तो सावकाश. कमी भाजलेल्या मातीचं ताट आतून सच्छिद्र असतं. वर्षानुवर्षं दमट हवा पिऊन ते कणभर फुगतं. वरची झिलई काही फुगत नाही, मग तिला जाळीदार चिरा पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यात वरणाची हळद मुरते आणि एके दिवशी पांढऱ्या ताटावर पिवळा नकाशा उमटतो. आमच्या एका ताटावर मुळा आणि मुठा स्पष्ट दिसतात. संगम कुठे होतो ते शोधत माझा नातू पोळी संपवतो, म्हणून ते अजून टाकलेलं नाही.

आणि या सगळ्यांना पुरून उरलेली एक वस्तू कोपऱ्यात बसलेली आहे. माझ्या आजीची लोणच्याची बरणी. वर तपकिरी, खाली पांढरट, तोंडाला दादरा बांधलेला. मीठ, आंबटपणा आणि तेल या तिघांनी मिळून पितळेचा जीव घेतला असता. बरणीच्या झिलईला त्यांनी सत्तर वर्षांत ओरखडा काढलेला नाही. अशा बरण्या आपल्याकडे घरोघर पोचल्या त्यात सौराष्ट्रातल्या थानगढला पॉटरी काढणाऱ्या परशुराम गणपुले या मराठी माणसाचा हात होता, हे सांगताना आमच्या काकांची मान ताठ होते. आमच्या शेजारच्या मावळात, तळेगावला, तर लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काच कारखाना निघाला होता. फुटणाऱ्या वस्तूवर एवढा विश्वास टाकणारी माणसं आता मिळायची नाहीत.

पण बरणीच्या टिकण्याचं खरं कारण तिच्या मातीत नाही. ओल्या हाताने शिवायचं नाही, अंघोळीशिवाय शिवायचं नाही, मुलांनी तर बघायचंसुद्धा नाही, अशा कडेकोट बंदोबस्तात तिचं आयुष्य गेलं. एवढं संरक्षण असतं तर पापडही सत्तर वर्षं टिकला असता.

गेल्या आषाढातल्या एका शनिवारी सगळे पंथ आमच्या पडवीत जमले होते. वीज गेलेली. अंधारात भाची उठली, तिच्या हातातलं जड राखाडी ताट वहिनींच्या हलक्या पांढऱ्या ताटावर आदळलं, वहिनी दचकल्या, त्यांचा हात काकांच्या कपाला लागला. दगडाने काच फोडली, काचेच्या दचक्याने हाड फोडलं आणि हाड आत्याच्या स्टीलच्या ताटात पडलं. आत्या म्हणाली, "माझ्याला काही झालं नाही." त्या क्षणी तिच्याशी कुणी बोललं नाही.

सकाळी कामाच्या मावशी आल्या. खालच्या वाडीतल्या. त्यांनी तुकडे निवडून तीन ढीग केले. काच वेगळ्या पिशवीत. राखाडी आणि पांढरी खापरं मात्र पदरात घेतली.

"मावशी, हे कशाला?"

"कुंडीच्या बुडाला भोकावर ठिवाया. माती वाहून जात न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "दादा, एवढं सुतक कशापायी? माती हाय ती."

बोलता बोलता त्यांनी आपल्या आजेसासूची गोष्ट सांगितली. धरण झालं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं. टाटांच्या त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली, तरी पाणी चढलंच. घर सोडताना म्हातारीने जातं घेतलं, कोयता घेतला, बियाण्याचा भात घेतला, तांब्याची कळशी घेतली. "आणि मडकी?" माझ्या बायकोने विचारलं. "मडकी कोण वाहून नेतंय? तिथंच ठिवली. वर आल्यावर कुंभाराकडनं नवी घेतली."

म्हणजे आजही त्या पाण्याखाली चुलीशेजारी मडकी आहेत. फुटली असतील, पण विरघळलेली नाहीत. एकदा भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी आपल्याच जिल्ह्यातल्या इनामगावला वर्षानुवर्षं खणलं तेव्हा हेच हाती आलं. तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे पद्धतीची तांबडी मडकी, काळ्या रेघांची, तोटीची. ती बनवणाऱ्यांची नावं गेली, भाषा गेली, लाकूड कुजलं. खापर राहिलं. आणि संशोधक त्या मडक्यांचं एक लक्षण आवर्जून सांगतात: वाजवलं तर धातूसारखा आवाज येतो. हे ऐकल्यावर बायकोने एवढंच म्हटलं, "बघा. तेव्हाही कुणीतरी टिचकी मारूनच घेत असणार."

त्या दिवशी मला साक्षात्कार झाला. न फुटणं वेगळं आणि टिकणं वेगळं. स्टील फुटत नाही पण दुसऱ्याच्या घरी जातं, आणि मडकं फुटतं पण आपल्या गावात राहतं. मग ताटांचा एवढा जीव का जाळायचा? पुण्याहून मुळशीला सेट आणायचा म्हणजे बायको तो मांडीवर घेऊन बसते, मी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेत नाही आणि पिरंगुटच्या घाटात मागचे लोक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करतात. म्हातारीने मडकी मागे सोडली आणि आपण टी-सेट मांडीवर घेऊन चाललोय. हे सगळं मी बायकोला फार चांगल्या शब्दांत सांगितलं. तिला पटलं. मला जरा आश्चर्यच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही बोहरी आळीतून नवा सेट घेतला. तिने एकवीस नग वाजवले, एकवीसच्या एकवीस उजवीकडे गेले. दुकानदाराने हात जोडले. शनिवारी सकाळी मी खोका उचलला आणि साक्षात्कारी माणसाला शोभेल अशा बेफिकिरीने डिकीत ठेवला. न गुंडाळता. चांदणी चौक मागे पडला, भूगाव आलं आणि मला न दिसलेला पहिला गतिरोधक आला.

मागून आवाज झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोने सवयीने मान तिरपी केली होती.

आवाज खणखणीत होता.